मार्कच्या पुढचे तीन हात

आमच्या भाऊजींना कारखान्यात तीनहात्या म्हणतात. तोंडावर कुणी म्हणत नाही, पण पाठ वळली की म्हणतात, आणि भाऊजींना ते ठाऊक आहे. भाऊजी म्हणजे माझ्या नवऱ्याचे थोरले भाऊ. नवरा जाऊन अकरा वर्षं झाली. मधला माणूस गेला तरी दीर-भावजय हे नातं चालूच राहतं, कारण ते बंद कसं करायचं हे कुणी ठरवून ठेवलेलं नाही. आम्ही एकाच घरात राहतो आणि एकाच कारखान्यात जातो. ते करवतीवर, मी पॅकिंगला.

दोन महिन्यांपूर्वी कारखान्यानं भाऊजींचा सत्कार केला. त्याआधी ऑफिसातून मला निरोप आला की त्यांच्याविषयी दहा ओळी लिहून द्या, घरचं माणूस म्हणून. मी दिल्या. मेहनती, मितभाषी, वेळेवर येणारे, असं सगळं. त्या दहा ओळी अजून सूचनांच्या फळ्यावर आहेत, त्यांच्या फोटोखाली. त्यात काही खोटं नाही. जे राहिलं ते इथे लिहिते आहे.

आधीच सांगते, माझ्याकडून फार गहिवर वगैरे मिळणार नाही. पाय मुडपून फार वेळ बसलं की मुंग्या यायच्या आधी एक वेळ अशी असते, की पाय दिसतो, पण आपला वाटत नाही. मी बरीच वर्षं तशी आहे. तक्रार नाही. त्या अवस्थेत कामं उलट नीट होतात. पट्ट्या कागदात गुंडाळायच्या, दोन पट्ट्यांत एक कागद सारायचा, टेप मारायची, की पुढचं बंडल. दुखत नाही म्हणजे बरंच आहे असं मी धरून चालले होते.

भाऊजी एकोणिसाव्या वर्षी कारखान्यात लागले. सासरे अचानक गेले, घरात आई आणि दहा वर्षांचा धाकटा भाऊ. तो धाकटा म्हणजे पुढे माझा नवरा झालेला माणूस. भाऊजींनी त्याला शिकवलं, त्याच्या चपला घेतल्या, त्याचं लग्न केलं, आणि मग वेळ उरला म्हणून स्वतःचं केलं. जाऊबाई माझ्यानंतर घरात आल्या आणि पहिल्याच आठवड्यात मला सांगून मोकळ्या झाल्या. म्हणाल्या, ह्या घरात आपण दोघी नंतर आलो, ह्या दोन भावांचं आधीच लागलेलं आहे. त्यांना मूल झालं नाही. आमची मुलगी झाली तेव्हा ती चौघांत वाटली गेली.

भाऊजी घरात असे चिकट, की साबणाची शेवटची चकती नव्या वडीला चिकटवून वापरणारे. पेस्टची ट्यूब संपली की कात्रीनं कापून आतून पुसून घेणारे. जाऊबाई म्हणायच्या, ह्यांना हवा फुकट मिळते म्हणून श्वास तरी पूर्ण घेतात. आणि हाच माणूस कारखान्यात गेला की दर खेपेला सहा हात अ‍ॅल्युमिनियम भंगारात टाकायचा. फोरमन कपाळाला हात लावायचा.

हे सहा हात कुठून आले ते सांगायला हवं, त्याशिवाय पुढचं कळणार नाही. आमचा कारखाना अ‍ॅल्युमिनियमच्या पट्ट्या काढतो. खिडक्यांच्या चौकटी, कपाटांचे रूळ, शिड्यांचे पोकळ पाय. एकच प्रेस, एकच पाळी. अ‍ॅल्युमिनियमचा गोल ठोकळा भट्टीत तापवतात. त्याला बिलेट म्हणतात. प्रेस तो ठोकळा पोलादी साच्यावर दाबतो आणि साच्याच्या भोकातून पलीकडे लांबच लांब पट्टी बाहेर पडते. ठोकळा संपला की प्रेस थांबतो, दुसरा ठोकळा घेतो आणि त्याच्याच मागे तो दाबायला लागतो. पट्टी तुटत नाही. जुन्या ठोकळ्याचा माल आणि नव्याचा माल आत एकमेकांना चिकटून पुढे येतो. फक्त प्रेस थांबला होता त्या जागी पट्टीवर एक बारीक रेघ उमटते, अंगठीच्या वळासारखी. तिला मार्क म्हणतात. चिकटलेला भाग म्हणजे जोड. जोड कच्चा असतो, म्हणून तो कापून काढायचा आणि परत वितळायला धाडायचा. ते काम करवतीवाल्याचं.

भाऊजींना करवत शिकवली ती एका म्हाताऱ्या उस्तादानं. त्याचा नियम सोपा होता. मार्कच्या अलीकडे एक हात, पलीकडे एक हात. हात म्हणजे कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत. टेप शोधत बसायची गरज नाही, माप अंगालाच लावलेलं. मार्क मधोमध, जोड मधोमध, दोन्हीकडून सारखं कापलं की झालं. ऐकायला इतकं सरळ वाटतं, की कुणी शंका घ्यायचं कारण नव्हतं. उस्ताद गेला, नियम राहिला. भाऊजींनी तो पंचवीस-सव्वीस वर्षं पाळला. दर ठोकळ्यामागे एक हात इकडे, एक हात तिकडे.

माझा नवरा पाट्या रंगवायचा. दुकानांच्या पाट्या, शाळांच्या, दवाखान्यांच्या. अक्षर देखणं, पण माणूस वेंधळा. चहात मीठ घालणारा, एका पायात काळा मोजा आणि एका पायात निळा घालून लग्नाला जाणारा. मी हसायची, चिडायची, परत हसायची. एकदा दुकानाच्या पाटीवर दुकानदाराच्या ऐवजी स्वतःचाच फोन नंबर रंगवून आला. लोक आठवडाभर आमच्याकडे टायर मागत होते.

त्याला शिडी दिली ती भाऊजींनी. आमच्याच कारखान्याच्या पट्टीची, शिड्या जुळवणाऱ्या एका कारागिराकडून करून आणलेली. हलकी, एका हातानं उचलावी अशी. दीड वर्ष वापरली. मग एका दुपारी एका दुकानासमोर तो त्या शिडीवरून पडला, डोकं फरशीच्या कडेवर आपटलं आणि संध्याकाळच्या आत सगळं संपलं. मुलगी पाच वर्षांची होती.

दुकानदार म्हणाला, शिडी सरकवायचा कंटाळा केला असणार, पाटीच्या शेवटच्या अक्षरासाठी हात लांबवला असणार, तोल गेला. त्यानं प्रत्यक्ष पाहिलं नव्हतं. तो आत गिऱ्हाइकाशी बोलत होता. पण ते ऐकताच मला पटलं. माझा नवरा असंच करणार. ज्याला मोजे नीट घालता येत नाहीत तो शिडी कशाला सरकवेल? मला इतका राग आला की रडायचं राहून गेलं, आणि जे तेव्हा राहिलं ते राहिलंच. शिडी कुणीतरी घरी आणून जिन्याखाली ठेवली होती. मी तिच्याकडे बघितलंही नाही. आठवड्यानं भंगारवाला आला तेव्हा त्याला देऊन टाकली. अ‍ॅल्युमिनियम कधी वाया जात नाही, वितळतं आणि पुन्हा काहीतरी होतं. कदाचित आमच्याच भट्टीत आली असेल.

त्यानंतर मुलगी धडपडली, काही सांडलं, पुस्तक विसरली, की माझ्या तोंडून एकच वाक्य निघायचं. बाबासारखी वेंधळी होऊ नकोस. उचलली जीभ लावली टाळ्याला. मला ते वाईट बोलणं वाटायचं नाही. काळजी वाटायची.

भाऊजी पंधरा दिवसांनी कामावर गेले आणि त्यांनी त्या दिवसापासून मार्कच्या अलीकडे तीन हात आणि पलीकडे तीन हात कापायला सुरुवात केली. कुणाला विचारलं नाही, कुणाला सांगितलं नाही. फोरमननं आधी समजावलं, मग आरडाओरडा केला, मग लेखी ताकीद दिली. पालथ्या घड्यावर पाणी. भाऊजी ताकीद घडी घालून खिशात ठेवायचे आणि करवतीवर परत हात मोजायला लागायचे. त्यांच्याइतका काटकोनात काप दुसऱ्या कुणाचा येत नव्हता, म्हणून काढताही येत नव्हतं. हळूहळू नाव पडलं तीनहात्या, आणि ओरडणं थांबलं. त्याच सुमारास त्यांनी रदबदली करून मला पॅकिंगला लावलं. मी समजले, भावाच्या जाण्यानं माणूस जरा हललाय. एवढी सूट घरातल्या माणसाला द्यायची असते.

अशी दहा वर्षं गेली. आणि मग गेल्या वर्षी इंजिनिअर बाई आल्या.

बाई पन्नाशीच्या, ठेंगण्या, पायात पुरुषी बूट. मालकांनी त्यांना एकाच कामासाठी आणलं होतं. शंभर किलो माल भट्टीत घातला की त्यातला बत्तीस किलो भंगार होऊन परत वितळायला जात होता. तो कमी करायचा. वितळवायला पुन्हा तेवढंच तेल जळतं, थोडा माल दरवेळी जळून राख होतो, आणि माणसांची मेहनत जाते ती वेगळी. बाई पहिला महिना काही बोलल्याच नाहीत. प्रेसपाशी उभ्या राहिल्या, पट्टी ओढून सरळ करतात तिथे उभ्या राहिल्या, नवा साचा लावल्यावर पहिल्या दोन पट्ट्या कशा वाकड्या येतात ते बघत राहिल्या. प्रत्येक ठिकाणी किती जातं ते लिहून घेतलं. मग करवतीपाशी आल्या. सगळा कारखाना कान टवकारून बसला, की आता तीनहात्याची आणि बाईंची जुंपणार.

जुंपली नाही. बाईंनी विचारलं, तीन हातच का? भाऊजी म्हणाले, बरं असतं. बाईंनी पुन्हा विचारलं, पण कशावरून? भाऊजींनी खांदे उडवले. दुसरं कुणी असतं तर तिथेच हुकूम सोडला असता की उद्यापासून एक हात. बाई म्हणाल्या, ठीक आहे, जोड नेमका कुठे आहे ते आधी बघू. तुमचं बरोबर निघालं तर मी तुमच्या बाजूनं बोलेन. इतक्या वर्षांत हे कुणाला सुचलं नव्हतं, भाऊजींनाही नाही. जोड कुठे आहे हे सगळ्यांना माहीतच होतं.

बघायची पद्धत साधी निघाली. शिडीच्या पायाचीच पट्टी घेतली, कारण आमचा सगळ्यात जास्त खपणारा पोकळ माल तोच. मार्कच्या दोन्ही बाजूंनी भाऊजींनी तीन-तीन हात भाग काढला आणि दर अर्ध्या हातावर बोटभर रुंदीच्या चकत्या पाडल्या. सहा अलीकडच्या, सहा पलीकडच्या. माझं अक्षर बरं म्हणून नंबर घालायला मला बोलावलं. मग बाईंनी त्या चकत्या कॉस्टिक सोड्याच्या गरम पाण्यात सोडल्या. धूर निघतो, नाक झोंबतं. चकत्या काळ्या पडल्या. मग धुऊन दुसऱ्या पाण्यात बुडवल्या आणि ओळीनं फडक्यावर मांडल्या. जिथे माल एकजीव आहे तिथे चकती सगळीकडून सारखी राखाडी. जिथे जोड आहे तिथे आतून एक काळी वळणदार रेघ.

अलीकडच्या सहाही चकत्या स्वच्छ होत्या. मार्कला अगदी खेटून असलेलीत थोडा मळ, बाकी काही नाही. पलीकडची पहिली स्वच्छ. दुसरी, म्हणजे बरोबर एका हातावरची, तीही स्वच्छ. तिसरीपासून रेघ सुरू झाली. चौथीत ठळक, पाचवीत ठळक. सहावीत संपलेली.

फोरमन म्हणाला, असं कसं, जोड मार्कच्या दोन्ही बाजूंना असायला पाहिजे. बाईंनी त्याला समजावलं ते माझ्या लक्षात राहिलं, कारण ते स्वयंपाकघरातलं होतं. म्हणाल्या, गरम पाण्याचा बंब लावून नळ सोडला तर लगेच गरम पाणी येतं का? आधी पाइपात उभं असलेलं गार येतं, मग कोमट, मग गरम. प्रेस थांबतो तेव्हा साच्याच्या पोटात जुना माल उभाच असतो. मार्क उमटतो, मग आधी तो जुना माल बाहेर पडतो. जोड त्याच्या मागून येतो. म्हणून जोड सगळाच्या सगळा मार्कच्या पुढे, म्हणजे पलीकडे. मागे काहीच नाही. मागचे अडीच हात तुम्ही चांगला माल फेकत होता.

मग त्यांनी चौथी चकती ऐरणीवर उभी धरली आणि हातोडीचा एकच ठोका दिला. चकती चेपली नाही. त्या काळ्या रेघेवर उलली, अगदी सरळ, आणि कड उघडी पडली. पहिल्या चकतीला तसाच ठोका दिला तर ती नुसती चपटी झाली. बाई भाऊजींकडे वळून कौतुकानं म्हणाल्या, पुढचे तीन हात ज्यानं ठरवले त्यानं अगदी बरोबर ठरवले. आधी काय पद्धत होती? फोरमन म्हणाला, आधी दोन्हीकडे एकेक हात. बाई म्हणाल्या, मग त्या काळात अख्खा जोड मालात जात होता. फोरमन म्हणाला, जुनी गोष्ट आहे, कधी तक्रार आली नाही.

 भाऊजी ती उललेली चकती हातात घेऊन बघत होते. नंबरांकडे, बाईंकडे, कुणाकडेच त्यांचं लक्ष नव्हतं. मी त्यांच्या समोर उभी होते, हातात मार्कर. मला तेव्हा काही कळलं नाही. कळलं ते बस पकडताना, आणि कळल्यावर मी बसमध्ये चढून तिकीट काढून खिडकीपाशी बसले. बाहेर रोजची दुकानं होती.

मी घरी जाऊन हिशोब केला, आकड्यांनी माझं डोकं शांत होतं म्हणून. एका ठोकळ्यातून शिडीच्या पायाच्या पाच लांब्या, म्हणजे मापाचे पाच तुकडे, निघायच्या. जोड फक्त पहिलीत. बाकी चार चांगल्या. म्हणजे त्याच्या शिडीत तीच लांबी आली असेल असं कशावरून? चार वेळा नसेल, एकदा असेल. आणि शेवटी दुकानदार म्हणालाच होता. मी स्वतःला सांगितलं, चारास एक म्हणजे आपला वेंधळाच. आणि तांदूळ निवडायला घेतले.

पुढचे सहा महिने कारखान्यात फक्त कौतुक चाललं. नवा नियम झाला. मार्कच्या अलीकडे एक वीत, पलीकडे तीन हात. सहा हातांचे साडेतीन हात झाले. बाकीच्या ठिकाणीही बाईंनी असंच केलं. करवतीमागचा भंगाराचा ढीग आधी कमरेपर्यंत यायचा तो गुडघ्याशी आला. बत्तीसचे चोवीस झाले. बाईंनी मालकांना भरीला घालून शिड्या जुळवणाऱ्यांना पत्रंही पाठवली, की अमुक वर्षाआधीच्या शिड्या परत मागवा. किती परत आल्या मला माहीत नाही. आमचा कारागीर तर धंदा बंद करून कुठेतरी निघून गेला होता.

आणि भाऊजी घरात जेवायचे, उठायचे, झोपायचे. जाऊबाई म्हणाल्या, आधी चार शब्द बोलायचे, आता दोनावर आलेत, बाईंनी इथेही बचत लावली वाटतं. मी हसले. भाऊजी मुलीशीही बोलेनात. ती सोळा वर्षांची, अकरावीत, त्यांच्याच मांडीवर वाढलेली. तिनं मला विचारलं, काकांचं काय बिनसलंय? मी म्हटलं, वय झालं. तिनं घाईत ताट सरकवलं, वाटी कलंडली, मी म्हटलं, बघ, बाबासारखी. भाऊजी ताटावरून अर्धे उठले. मला वाटलं पाणी घ्यायला.

सत्कार एका शनिवारी झाला. भिंतीवर लावायचं चौकटीतलं प्रशस्तिपत्र, हार, चहा. चौकट आमच्याच अ‍ॅल्युमिनियमची. मालक म्हणाले, अकरा वर्षांपूर्वी कुणी सांगितलेलं नसताना ह्या माणसानं पुढचे तीन हात कापायला सुरुवात केली, ह्याला म्हणतात अनुभव. टाळ्या झाल्या. भाऊजी उभे राहिले, दोन्ही हातांनी चौकट धरून, आणि काही न बोलता खाली बसले. लोकांना वाटलं नम्र आहेत.

दुसऱ्या दिवशी सकाळी जाऊबाई बाजारात गेल्या होत्या. मी गॅलरीत कपडे वाळत घालत होते. भाऊजी येऊन दारात उभे राहिले. मला वाटलं शर्ट हवा असेल. मी म्हटलं, अजून ओला आहे.

ते म्हणाले, "त्या दिवशी मी शिडी बघितली होती."

मी चिमटा हातातच धरून थांबले.

"जिन्याखाली. तू आत होतीस. पाय वाकला नव्हता, उलला होता. खालून हातभर. सरळ रेघेत."

मी म्हटलं, "मग तेव्हाच का नाही बोललात?"

"मला वाटलं, मी मार्कच्या दोन्हीकडे कमी कापलं. म्हणून कामावर परत गेलो त्या दिवसापासून वाढवलं. पण खात्री नव्हती. खात्री नव्हती म्हणून बोललो नाही. आणि तू म्हणालीस तो वेंधळा होता, तर मी... मला ते बरं पडलं."

मी त्यांना माझा हिशोब सांगितला. पाच लांब्या, जोड एकीत, चारास एक. मला वाटतं, मी त्यांची समजूत घालत होते. की माझी, ते माहीत नाही. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि मान हलवली.

"पाचातली कुठली, हा प्रश्नच नाही," ते म्हणाले. "मार्कनंतरची पहिली लांबी सगळ्यात चकचकीत निघते. साच्यातून निघताना तिच्यावर ओरखडा नसतो. आम्ही करवतीवाले घरच्या माणसासाठी तीच बाजूला काढतो. मी त्याच्या शिडीसाठी दोन ठोकळ्यांच्या दोन पहिल्या लांब्या काढून ठेवल्या होत्या. दोन्ही पाय. चांगल्यातल्या चांगल्या म्हणून."

खाली रस्त्यावर कुणीतरी स्कूटर चालू करायचा प्रयत्न करत होतं. सातआठ वेळा किक मारली तरी ती लागेना. मला भाऊजींचा राग आला का? खरं सांगायचं तर शोधला, सापडला नाही. दीड वर्ष माझा नवरा रोज त्या दोन पायांवर चढत होता, आणि ते दोन्ही पाय भावानं प्रेमानं निवडलेले होते, एवढंच डोक्यात आलं. त्यामागून दुसरं आलं. म्हणजे त्यानं शिडी सरकवली होती. तो कंटाळला नव्हता, हात लांबवला नव्हता, काही नाही. सरळ उभा होता, त्याचं काम करत होता.

मी म्हटलं, "हे मुलीला तुम्ही सांगा."

ते म्हणाले, "ती माझं तोंड बघणार नाही."

"नाही बघितलं तर नाही. पण तिचा बाप कसा पडला ते तिला कळलं पाहिजे. आणि ते तुमच्याच तोंडून."

मुलगी आत टेबलाशी अभ्यास करत होती. भाऊजी तिच्यासमोर खुर्ची ओढून बसले. मी दारात उभी राहिले, ओला टॉवेल हातात. त्यांनी सगळं सांगितलं, जसं मला सांगितलं तसंच, अधिक नाही, उणं नाही. मार्क काय असतो, उस्तादाचा नियम, एक हात, जोड पुढे असतो हे माहीत नसणं, पहिली चकचकीत लांबी, जिन्याखाली बघितलेला पाय, अकरा वर्षं तोंडात मूग गिळून बसणं. माफ कर म्हणाले नाहीत. त्यांना तो शब्द कुणाला म्हणताना मी कधी ऐकलेलं नाही.

 ती वहीच्या कडेला पेन्सिलीनं काहीतरी गिरवत होती. त्यांचं सांगून झाल्यावर तिनं विचारलं, बाबा तेव्हा काय लिहीत होते? पाटीवर. भाऊजींना आठवत होतं. केशकर्तनालय, ते म्हणाले, शेवटचा य राहिला होता. तिनं मान हलवली. मग हात लांब करून त्यांच्या मनगटावर ठेवला, आणि तो तिथेच राहू दिला. भाऊजी खाली बघत बसले. त्यांचे खांदे हलायला लागले, पण आवाज नाही.

मी तिला काहीतरी म्हणणार होते, काय ते आठवत नाही. तिनं मान वर करून माझ्याकडे बघितलं. रागानं नाही. एखादी गोष्ट नीट कळून घ्यायची असावी तसं.

"काकांना माहीत नव्हतं," ती म्हणाली. "आणि तू मला रोज सांगायचीस. रोज, आई. मी चालताना पण बघून पाय टाकायचे, की मी त्यांच्यासारखी आहे."

 मी टॉवेल घेऊन परत गॅलरीत गेले, तो दोरीवर पसरला, दोन्ही टोकांना चिमटे लावले, आणि तेव्हा माझ्या लक्षात आलं की मला दुखतंय.